हेलिकॉप्टरने केदारनाथला जावं का? (आणि एकूणच हेलिकॉप्टरच्या अपघातांबद्दल)

रामनदीकाठ

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात आईला आणि सासूबाईंना केदारनाथला न्यायचं घाटतंय. आई ७१ ची, सासूबाई ६८ च्या. दोघींचेही गुडघे गेलेत, त्यामुळे गौरीकुंडापासूनची सोळा-अठरा किलोमीटरची चढण त्यांना जमणार नाही. यात्रेचं बघणाऱ्या माणसाने फोनवर सांगितलं, "ताई, सरळ हेलिकॉप्टर घ्या, आठ-दहा मिनिटांत वर." आई खूश झाली. माझं मन मात्र तयार होत नाहीये.

कारण सांगते. आम्ही बावधनला राहतो. २ ऑक्टोबर २०२४, गांधी जयंतीची सुट्टी. सकाळी सातच्या आधी दुधाच्या पिशव्या घ्यायला उठले आणि गॅलरीचं दार उघडलं, तर धुकं इतकं की समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकीसुद्धा दिसत नव्हती. हेलिकॉप्टरचा आवाज आम्हाला नवा नाही. जवळच गोल्फ कोर्सवर हेलिपॅड आहे, मुलं लहान होती तेव्हा आवाज आला की बाहेर पळायची. त्या दिवशीही आवाज आला. दिसत काहीच नव्हतं, धुक्यातून नुसता आवाज. आणि तो मध्येच तुटल्यासारखा बंद झाला. थोड्या वेळाने बंब गेले. दोन वैमानिक आणि एक अभियंता, तिघंही गेले. जुहूला निघाले होते. त्याआधी २४ ऑगस्टला पौडजवळ कोंढावळ्याला असंच एक हेलिकॉप्टर पावसात पडलं होतं, त्यातले चौघं वाचले. आमच्या मुळशीच्या पट्ट्यात सहा आठवड्यांच्या आत दोन अपघात.

त्या दिवसापासून आवाज आला की मी हातातलं काम सोडून तो पुरता लांब जाईपर्यंत ऐकत उभी राहते.

तर माझे प्रश्न असे. हेलिकॉप्टर खरंच इतकं धोक्याचं असतं का? की काही ठिकाणी धोका जास्त आणि काही ठिकाणी कमी असं असतं? आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं तर नेमकं काय बघायचं? जाणकारांनी कृपया लिहावं.

कोथरूडचा_कट्टा

ताई, इतकं मनाला लावून घेऊ नका. आम्ही २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गेलो होतो, आई-बाबांसकट. तिकडच्या सिरसीच्या हेलिपॅडवरून बसलो, डोळे मिटून उघडेपर्यंत वर पोचलो. रस्त्यावर रोज किती माणसं मरतात, म्हणून आपण गाडीत बसायचं सोडतो का? दर्शन सुंदर होतं, जरूर जा.

सह्यभटक

@कोथरूडचा_कट्टा, रस्त्याशी तुलना बरोबर वाटत नाही. रस्त्यावर कोट्यवधी लोक असतात. केदारनाथला मोजकी हेलिकॉप्टर्स उडतात, हंगामही मोजका. तरीही १८ ऑक्टोबर २०२२ ला गरुडचट्टीजवळ सात जण गेले आणि १५ जून २०२५ ला गौरीकुंडाच्या वरच्या जंगलात आणखी सात. दुसऱ्या अपघातात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं एक कुटुंब होतं, दोन वर्षांच्या लेकरासकट. त्याच्या महिनाभर आधी, ८ मे ला, गंगोत्रीच्या वाटेवर सहा जण गेले.

धानोरीकर

रामनदीकाठ ताई, तुमचा प्रश्न योग्य आहे. जरा मोठं लिहितो, कारण दोन ओळींत उत्तर दिलं तर ते चुकीचं होईल. हवाई दलात बावीस वर्षं हेलिकॉप्टरांच्या देखभालीवर होतो. आधी चेतक, मग एमआय-१७. आता निवृत्त होऊन धानोरीत असतो.

"हेलिकॉप्टर धोक्याचं असतं का" हा प्रश्न "गाडी धोक्याची असते का" असा विचारल्यासारखा आहे. पुणे-मुंबईची शिवनेरी, उसाची भरलेली ट्रॉली आणि वरंध घाटात रात्री पावसात निघालेली भाड्याची जीप, तिन्हींना आपण गाडीच म्हणतो. हेलिकॉप्टरचंही तसंच आहे. समुद्रातल्या तेलाच्या रिगवर माणसं नेणारं, रुग्ण नेणारं, शेतावर औषध फवारणारं, तीर्थयात्रेच्या फेऱ्या मारणारं, प्रचाराला नेत्याला नेणारं, हौसेने स्वतः उडवलेलं. यंत्र एकच असलं तरी ह्या प्रत्येकाचा धोका वेगळा, आणि मरण्याचं कारणही वेगळं.

आधी यंत्राबद्दल, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. वैमानिकाने डाव्या हाताचा दांडा ताबडतोब खाली घेतला तर वरच्या पात्यांचा कोन कमी होतो, खालून वर येणारी हवा पाती फिरवत ठेवते आणि ती उतरत येते, झाडावरून गरगरत खाली येणाऱ्या पंखवाल्या बीसारखी. जमिनीच्या जवळ आलं की पात्यांत साठलेला जोर एकदाच वापरायचा आणि अलगद टेकायचं. ह्याला ऑटोरोटेशन म्हणतात, प्रत्येक वैमानिकाकडून ते घोटून घेतात.

पण त्याला तीन गोष्टी लागतात: हातात उंची असली पाहिजे, नाहीतर पुढे जायचा वेग असला पाहिजे, आणि खाली सपाट जागा पाहिजे. शे-दीडशे फुटांवर जवळजवळ स्थिर असलेल्या हेलिकॉप्टरकडे उंचीही नसते आणि वेगही नसतो. आणि केदारच्या दरीत सपाट जागा कुठे आहे?

आता ताईंनी विचारलेलं केदारनाथ. मंदिर ३,५८३ मीटरवर. तिथे हवा समुद्रसपाटीच्या मानाने साधारण सत्तर टक्केच दाट. इंजिनाला श्वास कमी मिळतो आणि पात्यांना पकडायला हवाही कमी. पुण्यात जे हेलिकॉप्टर सहा माणसं सहज उचलतं, त्याला तिथे हाताशी थोडीच ताकद शिल्लक राहते. दिवस तापला की आणखी कमी. म्हणून तुमचं वजन काट्यावर घेतात. दुसरं, फेरी लहान. आठ-दहा मिनिटांच्या फेरीत उड्डाण आणि उतरणं ही दोन कामंच मुख्य, आणि धोका त्यातच जास्त. अपघातांचा दर नेहमी १ लाख उड्डाण तासांमागे मोजतात. पण तासाला एकदा उतरणारं हेलिकॉप्टर आणि तासाला सहादा उतरणारं हेलिकॉप्टर त्या आकड्यात सारखेच दिसतात. तीर्थयात्रेच्या फेऱ्यांना तासांचं माप लावलं की फसगत होते.

तिसरं आणि सगळ्यात मोठं म्हणजे ढग. त्यावर संध्याकाळी लिहितो, आत्ता नातवाला शाळेतून आणायचंय.

पाषाण_तळे

वाचतेय. धानोरीकर काका, लवकर लिहा.

रिगवरचा_माणूस

मी चिंचवडचा. मुंबई हायवर चौदा दिवस काम, चौदा दिवस घरी, असं अठरा वर्षं केलं. जुहूहून हेलिकॉप्टर, समुद्रावरून १६० किलोमीटर. शेकडो वेळा बसलो असेन. आमच्याकडच्या सुरक्षिततेबद्दल लिहितो, म्हणजे तुलना करता येईल.

आमच्याकडेही माणसं गेली आहेत. ऑगस्ट २००३ मध्ये एकाच अपघातात २७ जण. १३ जानेवारी २०१८ ला सात. २८ जून २०२२ ला रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं, नऊपैकी चौघं गेले, पाच जण वाचले. वाचलेल्या पाचांबद्दल मला बोलायचंय.

रिगवर जाण्याआधी आमचं एक प्रशिक्षण असतं. पोहण्याच्या तलावावर हेलिकॉप्टरच्या आकाराचा पिंजरा टांगलेला असतो. आत बसवतात, पट्टे आवळतात आणि पिंजरा पाण्यात सोडून उलटा करतात. कारण हेलिकॉप्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्स डोक्यावर असतात, ते पाण्यात पडलं की उलटं होणारच. पहिल्या वेळी मी पट्टा आधी सोडला. तिथेच चूक झाली. शरीर तरंगायला लागलं, खाली-वर कळेना, नाकात पाणी, खिडकी सापडेना. पाणबुड्याने दंडाला धरून बाहेर काढलं. दुसऱ्या वेळी शिकवल्याप्रमाणे एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेवला, पिंजरा फिरायचा पूर्ण थांबेपर्यंत मनात आकडे मोजले, मग खिडकी ढकलली आणि सगळ्यात शेवटी पट्टा सोडला. चौकटीवरचा हात सोडायचा नाही, कारण बाहेरची दिशा फक्त त्या हाताला माहीत असते. आज अकरा वर्षांनीसुद्धा मी कुठल्याही वाहनात बसलो की हात आपोआप दाराच्या कडीकडे जातो.

मग अंगावर लाइफजॅकेट, हेलिकॉप्टरला फुगणारे तरंगते फुगे, दोन इंजिनं, दोन वैमानिक, गिअरबॉक्सच्या कंपनांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा. तेल कंपन्या स्वतः येऊन तपासणी करतात. एवढं करूनही यंत्र दगा देऊ शकतं. २०१६ मध्ये नॉर्वेत गिअरबॉक्समधल्या एका चाकाला आतून भेग गेली आणि वरचा अख्खा पंखाच सुटला, तेरा माणसं गेली. पण असं क्वचित होतं, आणि झालं की जगभरातली तशी हेलिकॉप्टर्स तपासली जातात.

माझा मुद्दा असा की समुद्रावरच्या उड्डाणांत प्रवाशालाही तयार करतात. तीर्थयात्रेत आजीबाईंना पट्टा कसा सुटतो हे तरी कोणी दाखवतं का?

कोथरूडचा_कट्टा

@रिगवरचा_माणूस, खरं सांगू? आम्हाला कोणी काही दाखवलं नव्हतं. घाईघाईने बसवलं आणि दार लावलं. तुमचं वाचून आत्ता आठवतंय. आईच्या पट्ट्याचं बक्कल कुठे होतं, हे मला अजूनही सांगता येणार नाही. वर घाईने लिहिलं होतं, ते मागे घेतो.

शिरूरकर

आमच्या भागात आता लग्नाला हेलिकॉप्टर येतं. नवरी सासरी हेलिकॉप्टरने, नाहीतर नवरदेव मांडवात हेलिकॉप्टरने. मागच्या हंगामात चुलतभावाच्या घरच्या लग्नात जागेची तयारी माझ्याकडे होती म्हणून लिहितो.

ज्वारी काढलेलं रान होतं. चुन्याच्या फक्कीने गोल आखला, मध्ये इंग्रजी एच काढला. टँकरने पाणी मारलं म्हणजे धूळ उडू नये. पण टँकर एकच आला, ऊन चढल्यावर तासाभरात जमीन कोरडी. हेलिकॉप्टर खाली आलं तसा धुळीचा असा लोट उठला की मला माझा हात दिसेना. वैमानिक उतरता उतरता परत वर गेला, लांब वळसा घेतला आणि दुसऱ्या बाजूने, शेजारच्या हरभऱ्याच्या रानात उतरला. लोक म्हणाले, "काय पायलट आहे, जागेवर नेम नाही." मीही तेव्हा मनात तेच म्हणालो. आज कळतंय की त्याने आम्हा सगळ्यांना वाचवलं. मांडवाचं कापड शंभर पावलांवर होतं, आणि पोरं तर त्याहून जवळ. पंखा फिरत असतानाच चार-पाच पोरं शेपटीच्या बाजूने धावली. एकाला मी कॉलरला धरून मागे ओढला.

३ मे २०२४ ला महाडला प्रचाराच्या नेत्याला न्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरताना धुळीच्या लोटातच आडवं झालं, ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलंय. वैमानिक वाचला. निलंग्याला २५ मे २०१७ ला मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडाल्या उडाल्या तारांत अडकून खाली आलं, तेव्हाही सगळे वाचले. दोन्ही मे महिन्यातले, दोन्ही तात्पुरत्या जागेवरचे. धानोरीकर काका, ह्यात काही धरून चालण्यासारखं आहे का?

धानोरीकर

@शिरूरकर, आहे. आणि तुम्ही त्या पोराला ओढलंत ते फार मोलाचं केलंत. शेपटीचा पंखा फिरताना दिसतच नाही, नुसती हवा वाटते. माणसाच्या डोक्याच्याच उंचीला असतो.

तात्पुरत्या जागेचे तीन शत्रू: धूळ, तारा आणि उतावळी माणसं. धुळीत वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते, मग हेलिकॉप्टर बाजूला सरकतंय हे त्याला कळत नाही आणि एक पाय टेकला की ते त्या पायावर कलंडतं. तारा तर वरून दिसतच नाहीत. वैमानिक खांब शोधतो आणि खांबावरून तारेचा अंदाज बांधतो. गंगोत्रीच्या वाटेवरच्या अपघातात, चौकशीच्या प्राथमिक अहवालानुसार, हेलिकॉप्टर रस्त्यावर उतरायचा प्रयत्न करत होतं आणि वरचा पंखा रस्त्याच्या कडेने गेलेल्या केबलला लागला. पुढच्या वेळी रान आखाल तेव्हा आधी चारी बाजूंच्या तारांचा नकाशा काढून वैमानिकाला पाठवा, आणि एक टँकर भल्या सकाळी, दुसरा हेलिकॉप्टर यायच्या अर्धा तास आधी मारा. मांडव तीनशे पावलांवर न्या. पोरांना दोरीच्या मागे ठेवा आणि दोरीवर माणूस उभा करा.

आता सकाळी राहिलेला ढगाचा विषय.

८ डिसेंबर २०२१, कुन्नूर. जनरल बिपिन रावत ज्यात होते ते एमआय-१७ व्ही-५. मी त्याच जातीच्या यंत्रावर आयुष्य घालवलंय. दोन इंजिनं, दणकट, वैमानिक अनुभवी. चौकशीत निघालं की यंत्रात बिघाड नव्हता. दरीत हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाचं दिशाभान गेलं आणि चांगल्या चालत्या स्थितीत ते डोंगराला धडकलं. चौदापैकी तेरा त्याच दिवशी गेले, ग्रुप कॅप्टन वरुण सिंग आठवड्याने. तो दिवस मी अजून विसरलो नाही. आमच्या हातचं यंत्र शेवटच्या क्षणापर्यंत नीट चालत होतं, ह्याचं समाधान मानायचं की दुःख, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

२६ जानेवारी २०२० ला अमेरिकेत बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट त्याच्या मुलीसह गेला, एकूण नऊ जण. तिथेही दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर, तिथेही धुकं. चौकशी मंडळाने एक गोष्ट ठळकपणे लिहिली: वैमानिकावर कोणी दबाव आणला नव्हता. आपल्या नेहमीच्या माणसाला वेळेवर पोचवायचं हा दबाव बहुधा त्याने स्वतःच स्वतःवर घेतला होता.

अमेरिकेत २००९ ते २०१३ मधले १०४ प्राणांतिक हेलिकॉप्टर अपघात एकेक करून तपासले गेले. त्यातले ५२, म्हणजे बरोबर निम्मे, तीनच प्रकारांत बसले: उडताना ताबा सुटणं, नकळत ढगात-धुक्यात शिरणं, आणि अगदी खालून उडताना तारेला किंवा झाडाला लागणं. २००५ नंतर जगभरच्या संस्थांनी एकत्र येऊन दहा वर्षांत अपघात ८० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं होतं. तेवढं साधलं नाही. अमेरिकेत एकूण अपघात खूप कमी झाले, पण माणसं मरणारे अपघात त्या मानाने कमी झाले नाहीत. कारण सोपं आहे. यंत्र सुधारलं, सराव सुधारला, त्यामुळे हेलिकॉप्टरचे पाय मोडणं, शेपूट आपटणं असले अपघात घटले. ढगात शिरायचा निर्णय मात्र माणूसच घेतो, आणि तो अपघात झाला की सहसा कोणी वाचत नाही.

सह्यभटक

ढगाबद्दल एक अनुभव. मागच्या जुलैमध्ये ताम्हिणीच्या वर डोंगराच्या एका धारेवर होतो. समोर मुळशीचं पाणी लख्ख दिसत होतं. खाली कोकणातून ढग वर यायला लागला तेव्हा मी पिशवीतून डबा काढत होतो. डब्याचं झाकण उघडेपर्यंत समोरचा मित्र दिसेनासा झाला. तो दहा फुटांवर होता, आवाज येत होता. आम्ही पाय न हलवता पाऊण तास तिथेच बसलो. चालणाऱ्याला बसता येतं. पुणे-जुहूच्या वाटेवर हाच सह्याद्री ओलांडावा लागतो, आणि वैमानिकाला बसायला जागा नसते.

भूलतज्ज्ञ_पुणे

दिशाभान जाणं म्हणजे काय, हे डॉक्टर म्हणून सांगते. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात द्रव असतो. डोकं वळलं की द्रव मागे राहतो, त्यावरून मेंदूला वळण कळतं. पण वळण हळू आणि सतत असेल, तर थोड्या वेळात द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि कान सांगतो, "आपण सरळ आहोत." मग वैमानिकाने खरोखर सरळ केलं की कान सांगतो, "उलट्या बाजूला वळतोय." डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तर मेंदू कानाचं ऐकत नाही. ढगात कानाशिवाय काही उरत नाही. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात विमानाच्या २० शिकाऊ वैमानिकांवर प्रयोग झाला होता. उपकरणांवर उडायचं शिक्षण नव्हतं, बाहेरचं दिसणं बंद केलं. विसाच्या वीस जणांचा ताबा गेला, सरासरी १७८ सेकंदांत. आणि हेलिकॉप्टर विमानापेक्षा अस्थिर. अनुभवाचा ह्यात काही उपयोग नाही, कारण चुकतो तो कान, आणि तो सगळ्यांचा सारखाच. उपाय एकच, फक्त उपकरणांवर विश्वास ठेवून उडायचा नियमित सराव.

आणखी एक, माझ्या क्षेत्रातलं. अमेरिकेत रुग्ण नेणाऱ्या हेलिकॉप्टरांचे अपघात इतके वाढले की २००८ हे सर्वात वाईट वर्ष ठरलं. रात्र, अनोळखी जागा आणि मरणाच्या दारातला रुग्ण. २०१४ मध्ये तिथे नियम आला, जमीन जवळ आली की सावध करणारं यंत्र अशा प्रत्येक हेलिकॉप्टरात हवंच. पण मला सगळ्यात पटलेली पद्धत यंत्राची नाही. रुग्ण कोण आहे, लहान मूल आहे का, किती गंभीर आहे, हे वैमानिकाला सांगतच नाहीत. त्याला फक्त कुठून कुठे एवढं सांगतात आणि हवामान बघून हो किंवा नाही म्हणायला सांगतात. "लहान बाळ आहे" हे शब्द ऐकले की माणूस नाही म्हणू शकत नाही. मी स्वतः शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभी असताना नातेवाइकांचे चेहरे बघून घेतलेले निर्णय आठवते, तेव्हा ह्या पद्धतीमागचं शहाणपण कळतं.

आपल्याकडे ऋषिकेशहून ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलिकॉप्टर रुग्णसेवा सुरू झाली. मे २०२५ मध्ये ते हेलिकॉप्टर केदारनाथला रुग्ण आणायला गेलं आणि उतरताना शेपूट मोडलं. आतले तिघंही वाचले.

पाषाण_तळे

डॉक्टर, हा प्रतिसाद जपून ठेवतेय. म्हणजे आपणच "अहो, मुहूर्त टळतोय", "साहेबांची सभा आहे", "आजींना आजच दर्शन हवंय" असं म्हणतो, तेव्हा आपणही धोका वाढवत असतो.

धानोरीकर

अगदी हेच. माझ्या नोकरीत मी वैमानिकांना उड्डाण रद्द करताना पाहिलंय. गाडीभर माणसं वाट बघत असायची आणि तो हवेकडे बघून मान हलवायचा. आमचे एक कमांडर होते, ते अशा वैमानिकाला दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर बोलावून चहा द्यायचे. बाकी काही बोलायचे नाहीत. त्यामुळे आमच्या तुकडीत नाही म्हणायची कुणाला लाज वाटत नसे. ज्या कंपनीत फेऱ्यांवर कमाई ठरते, तिथे असा चहा कोण देणार?

ताई, आता तुमच्यासाठी नेमकं. जायचं असेल तर हाताशी रिकामे दिवस ठेवा. हवामानामुळे उड्डाण रद्द झालं की ज्यांची परतीची गाडी त्याच संध्याकाळी असते, तेच काउंटरवर भांडतात. सकाळी हेलिपॅडवर उभं राहून दरीचं तोंड बघा. समोरची धार स्पष्ट दिसत नसेल तर कंपनी उडवायला तयार असली तरी तुम्ही बसू नका, पैसे गेले तरी चालतील. १५ जूनची घटना पहाटेची होती आणि ढग होते. वजन खरं सांगा, बॅगेसकट. बसताना आणि उतरताना समोरून, वैमानिकाला दिसाल असं, वाकून जा. उतार असेल तर खालच्या बाजूने या, कारण चढाच्या बाजूला फिरणारी पाती जमिनीच्या जवळ येतात. साडीचा पदर खोचून घ्यायला सांगा, स्वेटर वरून. टोपी, ओढणी, प्लॅस्टिकची पिशवी हातात नको. आणि बसल्या बसल्या पट्टा दोनदा लावून-सोडून बघा, रिगवरच्या दादांनी सांगितलंय तसं.

दापोडी_ब्रिज

अवांतर: सोनप्रयाग ते केदारनाथ रोपवेला केंद्राने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिलीय. १२.९ किलोमीटर, ३६ मिनिटांत वर. तो झाला की म्हाताऱ्या माणसांचा हा प्रश्न बराच सुटेल. तोपर्यंत डोली आहेच. माझ्या आजीने डोलीने केलं होतं, वेळ लागला पण दर्शन नीट झालं.

रिगवरचा_माणूस

@धानोरीकर, कमांडरांच्या चहाचं वाचून गलबलून आलं. आमच्या जुहूच्या प्रतीक्षागृहात जुलैत आम्ही कधी दोन-दोन दिवस बसायचो. घरून फोन यायचे, रिगवरचा माणूस सुटका व्हायची वाट बघत असायचा. तेव्हा चिडचिड करायचो. आज त्या रद्द करणाऱ्या वैमानिकांना भेटून आभार मानावेसे वाटतात, पण त्यांची नावंही माहीत नाहीत.

रामनदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा आईला आणि सासूबाईंना वाचून दाखवला. डॉक्टरांचं बाळाचं वाचताना सासूबाईंचे डोळे भरले. आईने मध्येच थांबवून विचारलं, "त्या बावधनच्या पायलटला त्या दिवशी कोणी थांब म्हणालं नसेल का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

ठरलंय ते असं. गुप्तकाशीला तीन रात्री मुक्काम. हेलिकॉप्टरचं तिकीट काढायचं, पण धार दिसली तरच बसायचं. तीन दिवसांत जमलं नाही तर डोलीचा दर विचारायचा, तेही जमलं नाही तर त्रियुगीनारायण, उखीमठ करून परत. सासूबाई म्हणाल्या, हिवाळ्यात केदाराची पूजा उखीमठलाच होते, मग तिथे हात जोडले तरी पोचतील. नवरा पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "काउंटरवर मी उभा राहीन, आणि भांडणार नाही."

पट्ट्याचा सराव रविवारी आमच्या गाडीत करून घेणार आहे.

धानोरीकर

उत्तम. परतीची गाडी कधीची काढलीय?

रामनदीकाठ

२२ तारखेची, हरिद्वारहून. गुप्तकाशीचा शेवटचा मुक्काम २० चा.

धानोरीकर

२४ ची करा.